घरामागचा तलाव वाचवणाऱ्यांचे आभार

लातूरजवळ घेतलेल्या घरामागचा पोहण्याचा तलाव शेवाळानं गच्च भरला होता. जो तो म्हणायचा, उपसून टाका, टँकर मागवा. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात एवढं पाणी ओतून द्यायचं अगदी जिवावर आलं होतं.

पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले काका, "पाणी राहू द्या, घाण काढू," हे तुमचं वाक्य आम्ही विसरणार नाही. आधी सामू, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा pH आकडा, 7.2 ते 7.6 च्या दरम्यान आणायचा, मग क्लोरीन टाकायचं, तेही दिवस मावळल्यावर, कारण उन्हात त्याचा जोर ओसरतो, हे तुम्ही शिकवलंत. मेलेलं शेवाळ तुरटीनं तळाला बसलं, तेव्हा ते ओढून घेणाऱ्या पाइपाचं तोंड तळावरून इतकं हळू फिरवलंत की पाणी जरासुद्धा गढूळलं नाही. काय हात आहे तुमचा!

फिल्टरमधली दगड झालेली वाळू फोडून काढणारे दोघे दादा, मोटारीचं सील बदलून पैसे न घेणारे मिस्त्री, सगळ्यांना चहा-भाकरी पुरवणाऱ्या शेजारच्या मावशी, तुमचे उपकार कसे फेडायचे? नावं नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही.

भोवतीचं जाळीचं कुंपण झालं की लेकरांना पोहायला नक्की पाठवा.