थ्रीव्हची गढी आईला दाखवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडमधल्या थ्रीव्हला जायचं ठरलं तेव्हा मला काळजी आईच्या गुडघ्यांची होती. गाडी लावल्यावर शेतांमधून बरंच चालायचं, डी नदीच्या काठावरची घंटा वाजवायची आणि बेटावरून होडी येईपर्यंत थांबायचं. आपली ओळख तशी मंडळाच्या गणपतीपुरतीच, तरी तुम्ही स्वतःहून सोबत आलात. होडीशी तर "आधी टेकायचं, मग एकेक पाय आत, घाई नाही," म्हणत तुम्ही तिचा हात धरून ठेवलात. नावाड्यालाही थांबायला लावलंत.

एवढ्यासाठीसुद्धा मी पत्र लिहिलंच असतं. पण खरं ऋण आहे ते तिथे पोचल्यावरचं. आईला इंग्रजी पाट्या वाचायचा कंटाळा. एरवी ती "छान आहे" म्हणून सावलीत बसते. तुम्ही तिला त्या छप्पर नसलेल्या पाच मजली गढीत नेलंत आणि घर दाखवावं तसं दाखवलंत. खाली कोठार आणि कैद्यांची अंधारी खोली, वर स्वयंपाक, त्याच्या वर दिवाणखाना, मग मालकांच्या खोल्या. अगदी माथ्याजवळची भिंतीतली भोकं दाखवून तिथे लाकडी सज्जा बसवत, शत्रू पायथ्याशी आला की वरून मारा करायला, हेही सांगितलंत. डग्लस घराण्यातल्या आर्चिबाल्ड द ग्रिमला 1369 मध्ये ह्या भागाची, म्हणजे गॅलोवेची, जहागीर मिळाली, त्यानंतर त्याने ही गढी बांधली, आणि 1400 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी तो इथेच वारला. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस ह्याचं हृदय घेऊन निघालेल्या आणि स्पेनमध्ये लढताना पडलेल्या जेम्स डग्लसचा हा अनौरस मुलगा.

आणि आईने विचारलं, "ह्या घरातल्या बायकांचं काय?"

ताई, ह्या प्रश्नावर तुम्ही थांबलात, तिच्या शेजारी बसलात, आणि ह्याच डग्लस घराण्यातल्या मार्गारेटची हकीकत सांगितलीत. 1440 मध्ये एडिंबराच्या किल्ल्यात, दहा वर्षांच्या राजाच्या नावाने, मार्गारेटच्या दोन कोवळ्या भावांना जेवायला बोलावून मारलं. सरदारकी गेली त्यांच्या चुलत आजोबांकडे. ह्या खुनात त्यांचाही हात असावा असं इतिहासकार मानतात. गॅलोवे मात्र मार्गारेटच्या वाट्याला आलं. मग जमीन घरातच राहावी म्हणून तिचं लग्न त्याच आजोबांच्या मुलाशी, म्हणजे तिच्या चुलतकाकांशी लावलं. आईने "अगं बाई!" म्हणून कपाळाला हात लावला. 1452 मध्ये अभयपत्र देऊन बोलावलेल्या त्या नवऱ्याला राजा दुसऱ्या जेम्सने स्टर्लिंगला स्वतः भोसकलं. त्यानंतर दीर. पोपची परवानगी काढून त्याच्याशी तिचं लग्न झालं, आणि 1455 मध्ये तो इंग्लंडला पळाल्यावर राजाने तिला आपल्या सावत्र भावाला दिलं. ह्या तीन लग्नांत तिला कुणी काही विचारलं असेल का, असं आई परतीच्या वाटेवरही म्हणत होती.

मला तुमचा आणखी एक गुण फार भावला. मॉन्स मेग तोफेने गढी पाडली, ही तिकडची लाडकी गोष्ट तुम्ही सांगितलीत आणि लगेच म्हणालात की ती तोफ स्कॉटलंडमध्ये आली 1457 साली, राजाने 1455 मध्ये गढीला वेढा घातला त्याच्या दोन वर्षं नंतर. राजा जातीने आला होता, तोफाही आणल्या होत्या, पण गढी पडली ती आतल्या शिबंदीला पैसे चारून. किल्ल्यांच्या गोष्टी सांगताना असा खरेपणा ठेवणारी माणसं मला क्वचितच भेटतात. रंगवून सांगणं सोपं असतं.

आईने नाशिकला परतल्यावर सगळी वंशावळ मावशीला फोनवरून सांगितली, नातीगोती लावून. एका जागी अडली तेव्हा मला फोन आला, आणि मला तुमच्याच टिपणात बघावं लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा येणार आहे. तुम्ही म्हणाला होतात ना, आर्चिबाल्डने जोगिणींना हुसकावून बांधलेलं लिंक्लुडेनचं चर्च डमफ्रीजला आहे आणि तिथे त्याच्या सुनेची कबर आहे? ही सून म्हणजे राजाची मुलगी, नवरा फ्रान्समध्ये लढाईत मेल्यावर थ्रीव्हवरून गॅलोवेचा कारभार बघणारी. ती कबर बघायचीय असं आईने आत्ताच सांगून ठेवलंय. तुम्हाला जमेल तो दिवस कळवा. डबा आमच्याकडून.

तुमची,
आणि आईचे अनेक आशीर्वाद