काकांच्या रायफलीला ओल लागू नये म्हणून

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू विचारलंस, "पाऊस लागला तर काय करू रे?" आणि मी गडबडीत "पुसून घे" एवढंच बोलून फोन ठेवला. नंतर रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. काकांची रायफल आहे ती, त्यांनी एवढी वर्षं जिवापाड जपलेली, तुझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच रानात निघालीये आणि तिथे तुला हाताला धरून सांगणारं कुणी नसणार. म्हणून म्हटलं बसून सगळं लिहूनच काढू. लांबेल, पण वाच.

पहिली गोष्ट, रायफलीचं नुकसान पावसात होत नाही फारसं, ते रात्री होतं, आपण झोपल्यावर. मला हे कसं कळलं ते सांगतो. एकदा दिवसभर झिमझिम होती, मी तीनचारदा थांबून रायफल पुसली, अगदी मन लावून पुसली. संध्याकाळी तंबूत आलो तेव्हा अंगात त्राण नव्हतं. आतून फोम लावलेली केस होती, तिच्यात रायफल ठेवली, चेन ओढली, उशाशी घेतली आणि झोपलो, मनात समाधान की नीट ठेवलीये. सकाळी उघडली तर पट्ट्याच्या कडीखाली आणि नळी जिथे लाकडात बसते त्या रेषेवर विटकरी भुकटी, बोट फिरवलं तर बोटाला आली. आणि बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत सारणाऱ्या सरकत्या भागाच्या, दांड्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा, रेघा न् रेघा मोजता येतील असा, गंजात उठलेला. घामात मीठ असतं ना, त्याने धरलं होतं. एका रात्रीत एवढं. तो फोम स्पंजसारखा पाणी पितो आणि लोखंडाला चिकटवून ठेवतो, कातड्याची केस असेल तरी तेच. भुकटी निघाली पण तिथे बारीक खड्डे पडले ते पडलेच, अजूनही नख फिरवलं की लागतात.

म्हणून केस ही ने-आण करायला, मुक्कामाला नाही, एवढं पक्कं धर.

याला एकच अपवाद आहे, तो नीट समजून घे कारण पहिल्यांदा सगळे इथेच गोंधळतात. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत शेगडीची ऊब, अशा वेळी गारढोण रायफल तशीच उघडी आत आणलीस तर दोन मिनिटांत तिच्यावर दव धरतं. चष्मेवाल्याचा चष्मा कसा धुकटतो, तसंच. पण चष्मा पुसता येतो, हे दव नळीच्या आत, ट्रिगरच्या पेटीत, स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत धरतं, तिथे फडकं कुठून जाणार. तर दोनातलं एक कर. एकतर रायफल रिकामी करून बाहेरच थंडीत, पण सुरक्षित आणि कुलपाआड राहू दे. नाहीतर बाहेरच पुसून केसमध्ये बंद कर, बंदच आत आण आणि एकदोन तास चेन उघडू नकोस, लोखंड खोलीइतकं कोमट होईपर्यंत. मग मात्र लगेच बाहेर काढ, परत पूस, आणि केस उलटी करून वेगळी वाळत टाक.

आता नळीच्या तोंडाचं. पाऊस, चिखल, काटक्या, बर्फ, सगळं तिथूनच आत जातं, आणि उपाय इतका साधा आहे की लोकांचा विश्वास बसत नाही. इलेक्ट्रिकच्या कामाची काळी टेप घे, बोटभर तुकडा काप, तोंडावर आडवा एकच थर लाव आणि वरून एक वेढा दे म्हणजे कडा सुटणार नाहीत. वेळ आली तर टेपसकट गोळी झाड, काढत बसू नकोस. गोळी पुढे सरकते तेव्हा नळीतली हवा तिच्यापुढे ढकलली जाते आणि गोळी पोचायच्या आत ती हवाच टेप फोडते, नेमाला काही होत नाही. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकांनी रायफलींवर पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या होत्या आणि कित्येकांनी नळीच्या तोंडावर कंडोम ताणून बसवले होते, समुद्राचं पाणी आणि वाळू आत जाऊ नये म्हणून. कल्पना तीच. टेपचे दोनचार वेढे नळीवरच थोडे मागे गुंडाळून ठेव म्हणजे जादा तुकडे हाताशी राहतील, फक्त रोज संध्याकाळी ते सोडव कारण त्यांच्याखालीही ओल धरते.

पण तोंडाच्या आत काहीही कोंबायचं नाही, चिंधी नाही, बूच नाही, पाचच मिनिटांसाठी सुद्धा नाही. विसरलास आणि गोळी सुटली तर नळी फुगते नाहीतर फाटते, आणि ती तुझ्या तोंडापासून किती लांब असते ते तूच बघ. म्हणूनच घसरून पडलास, नळी जमिनीला लागली असं नुसतं वाटलं जरी, तरी थांब. काडतुसं काढ, बोल्ट पूर्ण बाहेर काढ, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामा आहे हे डोळ्याने बघ आणि बोटानेही चाचप, मग मागच्या बाजूने उजेडाकडे धरून नळीतून आरपार बघ. पुढच्या तोंडात कधीच डोकवायचं नाही. आत काही दिसलं तर गज किंवा दोरी मागून घालून ओढ. "एक गोळी झाडली की निघून जाईल" असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस रे, शपथ घालतो.

पाण्याचंही तसंच आहे. ओढा ओलांडताना नळी बुडाली तर नुसती खाली करून पाणी सगळं पडत नाही. स्ट्रॉमध्ये पाणी ओढून वरून बोट दाबलं की ते कसं लटकून राहतं, तसं ते नळीत राहतं, आणि नळी जेवढी बारीक तेवढं जास्त. एम-१६ या अमेरिकन लष्करी रायफलीची नळी ५.५६ मिलिमीटरची, म्हणून ती वापरणाऱ्या सैनिकांना शिकवलेलंच असतं की तोंड खाली कर, बोल्ट थोडा मागे ओढ, हवा आत जाऊ दे, मग पाणी गळतं. काकांची नळी त्याहून रुंद आहे पण सवय तीच ठेव, रिकामी कर, बोल्ट उघड, तोंड खाली, मग कोरडी चिंधी ओढ. पाणी खारं असेल तर आधी गोड्या पाण्याने धू, लोखंडाला पाणी दाखवायला जीव होणार नाही माहितीये, पण मीठ तेलात विरघळत नाही, ते पाण्यानेच जातं.

तेलाचं तू नक्की जास्त करणार, कारण प्रेमाने माणूस जास्तच करतो. तेलाचा थर इतकाच हवा की बोट फिरवलं तर बोट चमकेल पण ओलं होणार नाही. त्याहून जास्त झालं की धूळ, गवताचं कूस, वाळूचे कण सगळे त्यात अडकतात आणि बोल्ट ओढताना कर्रर्र करतो. थंडीत तेच तेल घट्ट होतं, काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन आळशी पडते, चाप ओढला की नुसता टक् आवाज. बोल्टच्या आत म्हणूनच जवळजवळ कोरडं ठेव. डब्ल्यूडी-४० चा डबा काकांच्या पेटीत मी बघितलाय, १९५३ मध्ये ते बनवलंच पाणी हटवायला, नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. भिजलेल्या रायफलीवर मार, खाचाखोचांतलं पाणी बाहेर येईल, पण मग पुसून काढ आणि नेहमीचं बंदुकीचं तेल लाव, डब्ल्यूडी-४० तसंच वर्षभर ठेवलंस तर चिकट पापुद्रा धरतो. आणि पहिल्या गोळीआधी नळीतून व चेंबरमधून कोरडी चिंधी फिरवायचीच. चेंबर सगळे विसरतात. व्हिएतनाममध्ये सुरुवातीच्या एम-१६ ची रिकामी काडतुसं अडकायची त्यात गंजलेल्या चेंबरचाही हात होता, नंतर चेंबरला क्रोमचा मुलामा द्यावा लागला. तुझ्याला तो मुलामा नाही.

कचऱ्याचं फार सांगत नाही. खिशात सुटी काडतुसं टाकू नकोस, खिशातला भुगा त्यांच्याबरोबर आत जातो. आडवा पडून बसलास तर उठल्यावर मॅगझिन काढून झटक. रायफलीवरच्या दुर्बिणीच्या काचेवर फुंकर अजिबात नको, ब्रशने धूळ उडवल्याशिवाय पुसणं तर नकोच. तिच्या आत नायट्रोजन भरलेला आहे, आतून ती धुकटणार नाही, धुकं धरतं ते बाहेरच्या काचेवर आणि बहुतेकदा आपल्याच श्वासाने.

लाकडाचं मात्र मनावर घे. कुंदा, म्हणजे रायफलीचा लाकडी भाग, पाणी पितो, फुगतो आणि नळीला एका बाजूने दाबतो, मग नेम हलतो आणि माणूस दुर्बिणीला दोष देत बसतो. निघण्याआधी कागदाची पट्टी घे, नळी आणि लाकडाच्या मधे घालून मागे सरकव. कुठे अडकते ते बघून ठेव, भिजल्यावर परत बघ, त्याच जागी अडकते का नवीन ठिकाणी. दिवसभर भिजली तर त्या रात्री नळी लाकडातून सोडवून दोन्ही वेगळं वाळव, आगीजवळ नको, लाकूड तडकतं. स्क्रू परत आवळलेस की सकाळी एकदोन गोळ्यांनी नेम तपासल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

तू विचारलं होतंस जाण्याआधी कुंद्याला नवीन पॉलिश करून घेऊ का. आतल्या खाचेत आणि मागच्या रबराखाली, जिथे लाकूड उघडं पडलंय, तिथे वॉर्निशचे दोन हात नक्की दे, पाणी तिथूनच जास्त शिरतं. बाहेरून नको देऊस. गालाकडच्या बाजूला काकांचा गाल टेकून टेकून एवढीशी जागा गुळगुळीत फिकट झालीये बघ, तिथलं पॉलिश घासून गेलंय. तिथे नुसतं मेण लाव, दोन बोटांनी, चोळून चोळून, लाकूड गरम होईपर्यंत. पाणी ओघळून जाईल आणि खूण राहील.

पोचलास की कळव.

तुझाच,
मित्र