भोसरीच्या लेथवाल्या काकांना, सहा डब्यांबद्दल

काका,
स. न. वि. वि.

डबे न्यायला आलो तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "रेडिओचं काम ना? मग आतून एवढं फिनिश कशाला? आत कोण बघणार आहे?" तेव्हा उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट होतं. ते पुरं करतो आणि आभारही मानतो. पत्र उघडं ठेवतोय, कारण पुण्यात रिपीटर, म्हणजे हॅम (हौशी) रेडिओवाल्यांचे सिग्नल ऐकून पुन्हा जोरात सोडणारा संच, उभारायला निघालेल्या प्रत्येकाला तुमच्या कामातलं हे मर्म कळायला हवं.

रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर ते ओरडून सांगतो. दोन मीटरच्या हॅम बँडवर या दोहोंत अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झ. समजा १४५.१ मेगाहर्ट्झवर ऐकायचं आणि १४५.७ वर बोलायचं. ट्रान्समीटरचे पंचवीस वॅट म्हणजे +४४ डीबीएम (डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली ताकद, दर दहा डीबीला दहापट), आणि चांगला रिसीव्हर −११९ डीबीएमपर्यंतची कुजबुज ऐकतो. मधे १६३ डीबीची दरी आणि अँटेना दोघांत मिळून एकच. इंटरफिअरन्स म्हटलं की सगळे समोरच्या इमारतीवरच्या मोबाइल टॉवरकडे बोट दाखवतात. बहुतेक वेळा चोर घरातलाच असतो, आपलाच ट्रान्समीटर.

तो दोन वाटांनी छळतो. एक, त्याच्या जोरदार कॅरिअरने, म्हणजे मूळ लहरीने, रिसीव्हर बधिर होतो. दोन, त्याच्या कॅरिअरभोवती पसरलेला खरखराट थेट १४५.१ वर येऊन पडतो. हा दुसरा त्रास रिसीव्हरपाशी काही केल्या जात नाही, कारण ऐकायच्या जागेवरच घाण पडलेली असते. तो ट्रान्समीटरच्या दारातच अडवावा लागतो. तुमचे डबे म्हणजे नको ती फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या चाळण्या, कॅव्हिटी फिल्टर. म्हणून त्यातले तीन डबे रिसीव्हरच्या वाटेवर आणि तीन ट्रान्समीटरच्या. एक डबा नको ती फ्रिक्वेन्सी साधारण २८ ते ३० डीबीने दाबतो, तीन मिळून ८५ च्या आसपास. मोबदल्यात दीड डीबी जातात, पंचवीस वॅटचे साडेसतरा उरतात. परवडतं.

दोन वेगळ्या अँटेना लावून भागेल का? एकाखाली एक, दहा मीटर अंतराने लावल्या तर सुमारे ५५ डीबी मिळतात. तेवढंच आडव्या अंतराने मिळवायचं तर शंभर मीटर लागतात. सोसायटीच्या गच्चीवर हे जमणं अवघड आणि जमलं तरी एकट्याने पुरत नाही.

आता फिनिशचं. १४५ मेगाहर्ट्झला तांब्यातला करंट पृष्ठभागाच्या वरच्या साडेपाच मायक्रॉनमध्येच वाहतो. जाडी कितीही असो, बाकीचं तांबं नुसतं आधाराला. टूलचा ओरखडा राहिला की करंटला प्रत्येक ओरखड्यातून चढ-उतार करत जावं लागतं, डबा गरम होतो आणि नॉच, म्हणजे नको ती फ्रिक्वेन्सी दाबणारी खाच, उथळ पडते. तुम्ही बोअर १५० आणि मधला रॉड ४२ मिलिमीटर ठेवलात. हे ३.६ ला १ चं प्रमाण सर्वात कमी लॉसचं आहे. रॉडची पाव वेव्हलेंग्थ ५१७ मिलिमीटर होते, प्रत्यक्षात थोडी कमी. रॉड तळाला जिथे जोडला जातो तिथे करंट सर्वात जास्त, त्यामुळे तो सांधा तुम्ही झाळून पक्का केलात तेच बरोबर. नुसत्या बोल्टवर ठेवला असता तर दोन पावसाळ्यांत काळा पडून खरखरला असता. चांदीचा मुलामा उत्तम, निकेलचा मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.

आट्यांबद्दल तर खास आभार. रॉड एक मिलिमीटर हलला की डबा सुमारे २८० किलोहर्ट्झ सरकतो. म्हणजे एक मिलिमीटर पिचच्या आट्यावर दहा किलोहर्ट्झची दुरुस्ती म्हणजे जेमतेम तेरा अंशांचा फेरा. आट्यात जराही खेळ असता तर ट्यूनिंग हातात टिकलं नसतं. ट्यूनिंगच्या सळईला इन्व्हार, म्हणजे तापल्यावर फारसा न वाढणारा मिश्रधातू, मागितला त्याचं कारणही तेच. रॉडसकट सगळं पितळेचं असतं तर तापमानातल्या पंचवीस अंशांच्या फरकाने फ्रिक्वेन्सी ६९ किलोहर्ट्झ घसरली असती, इन्व्हारने सगळी लांबी पेलली तर चारच. एप्रिलमध्ये लिफ्टच्या खोलीचा स्लॅब कसा तापतो ते तुम्हाला सांगायला नको.

ट्यूनिंग करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. नॅनोव्हीएनए, म्हणजे फिल्टर मोजायचं छोटं यंत्र, सत्तर डीबीच्या पलीकडे फारसं बघू शकत नाही, म्हणून डबे एकेक करून ट्यून करावेत. सगळे एकदम जोडून नॉच दिसत नाही म्हणून स्क्रू पिळत बसणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

डबे चांगले असूनही त्रास झाला तर केबल बघावी. डब्यांमधल्या तुकड्यांना आरजी-२१४ किंवा आरजी-१४२, म्हणजे दुहेरी जाळीची केबल, आणि एन कनेक्टर. आरजी-५८ गळते. एलएमआर-४०० इतरत्र चांगली, पण तिच्यातली अॅल्युमिनियमची फॉइल आणि तांब्याची जाळी एकमेकांवर घासून डुप्लेक्स कामात, म्हणजे एकाच वेळी ऐकताना आणि बोलताना, खरखर करते.

निदान सोपं आहे. दुरून हँडसेटवरून अगदी कमजोर सिग्नल सोडायचा, रिपीटरचा ट्रान्समीटर हाताने बंद-चालू करायचा. चालू केल्यावर सिग्नलमध्ये खरखर वाढली तर त्रास आपल्याच ट्रान्समीटरचा. मग अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे ताकद बाहेर न सोडता जिरवणारा रोधक, लावायचा आणि कमजोर सिग्नल हलक्या कपलिंगने, म्हणजे थेट न जोडता, आत द्यायचा. खरखर गेली तर दोष बाहेर, अँटेनात, फीडरमध्ये (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलमध्ये) किंवा गच्चीवरच्या गंजक्या पत्र्याच्या शेडमध्ये. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि सिग्नल मिसळून नवेच तयार करतो. नाही गेली तर दोष कपाटातच. प्रीअँप, म्हणजे रिसीव्हरच्या आधीचा वर्धक, लावून उपाय करू नये, तो आवाजही वाढवतो आणि रोगही.

शेजारचे ट्रान्समीटरही तपासावेत. आपल्या १४५.७ च्या दुप्पटीतून १४६.३ वजा केले की बरोबर १४५.१ येतं, म्हणजे तिथे कोणी बोललं की आपलाच इनपुट भरतो. सीटीसीएसएस टोनने, म्हणजे सिग्नलसोबत पाठवायच्या ओळखीच्या सुराने, रिपीटर उगाच उठत नाही एवढंच, इंटरफिअरन्स जागेवरच असतो. आणि पुण्यापासून उत्तरेकडे डोंगर निवडणाऱ्यांनी खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा विचार करावा. त्याच्या तीस थाळ्या १२० ते २५० आणि २५० ते ५०० मेगाहर्ट्झ ऐकतात, आपले दोन मीटर आणि ७० सेंटीमीटर हे दोन्ही बँड त्यातच. हॅम लायसन्स आणि रिपीटरची परवानगी हे डब्ल्यूपीसीकडचं, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार खात्यातल्या वायरलेस विभागाकडचं, काम तर आधीच.

काका, एक विनंती. पुढचा संच ७० सेंटीमीटर बँडचा करायचा आहे, ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. रॉड १७२ मिलिमीटरचा, पण तिथे एक मिलिमीटरला अडीच मेगाहर्ट्झ सरकतात. अर्धा मिलिमीटर पिच पुरेल, की आणखी बारीक आटे पाडता येतील? डाय कोणती लागेल तेही कळवा, बाजारात जाऊन शोधतो.

आपले,
गच्चीवरची मंडळी, पुणे