मळ्यातल्या वाड्याचं आम्ही काय ठरवलंय

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

हा विषय काढला की बाबा "बरं बरं" म्हणत फोन आईकडे देतात, म्हणून पत्र लिहिते आहे. दादाचं आणि माझं पक्कं ठरलंय. मळा प्लॉटिंगला द्यायचा नाही आणि वाडा पाडायचा नाही. वाडा, विहीर आणि गोठा मिळून जुन्या शेतीचं संग्रहालय करायचं. सुताराला विसार दिला आहे, दिवाळीनंतर काम सुरू होईल. नानांच्या वाटणीसारखं वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवायचं नव्हतं, एवढंच.

तुम्हाला घराबाहेर काढतोय असं मनातही आणू नका. विहिरीपलीकडे आंब्याखाली तुमच्यासाठी दोन खोल्या बांधतोय. उंबरा नाही, पायरी नाही. संडास आतच, कमोडचा, धरायला दांडी लावलेला. आई, तुझी चूल मागच्या पडवीत आणि तुझं जातंही तिथेच. संग्रहालयाला माजघरातलं मोठं जातं पुरे. देवघराला कुलूप राहील आणि किल्ली तुझ्याच कमरेला.

आम्ही कोल्हापूरजवळच्या कणेरीचं संग्रहालय बघून आलो. नांगरणारा, मळणी करणारा, घडवणारा अशी माणसं तिथे पुतळ्यांतून उभी केली आहेत, फार मेहनतीचं काम आहे. तरी मुलं सारखी विचारत होती, "हे चालायचं कसं?" साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवरही तेच. १७१९ ते १७२४ मधलं ते देखणं बांधकाम, पण मोट, म्हणजे पाणी उपसायची ती कातडी पिशवी, ओढताना दिसत नाही. बाबा, ते दाखवू शकतील अशी माणसं आता गावात किती उरली? जाड दोर म्हणजे नाडा वरच्या चाकावरून, बारीक दोर म्हणजे सोल खालच्या कण्यावरून. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले की मोट वर यायची आणि सोल ताणला की मोटेची सोंड थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या कुंडात, उघडायची, हे तुम्ही मला अंगणात सुतळीचे तुकडे लावून दाखवलं होतं. ती मोट अजून माळ्यावर आहे, कातडं कडक झालंय. तेल पाजून जिवंत करता येईल का, ते तुम्हीच सांगायचं.

पेरणी-मशागतीची पाभर, कुळव, कोळपं, चाडं. धान्य मोजायचे शेर, पायली, चिपटं. चार शेरांची पायली हेसुद्धा माझ्या लेकीला मला सांगावं लागलं. तेव्हा रोज सकाळी चहानंतर एका वहीत एकेका वस्तूबद्दल लिहा, कोणत्या पेरणीला, कोणत्या रानात. हात दुखला की बोला, दादाचा मुलगा रेकॉर्ड करील. आणि मोट-बैलाचं प्रात्यक्षिक करताना तुम्ही खुर्चीत बसून सांगायचं, बैल दुसरं कोणी हाकेल.

पेव, म्हणजे जमिनीतलं ते साठवणीचं कोठार, मात्र कुणीही एकट्याने उघडायचं नाही. आत साठलेली हवा माणूस मारते. आधी उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आपली हळद सांगलीजवळच्या ज्या हरिपूरच्या पेवांत जायची, त्यांचं २००५ च्या महापुराने काय केलं ते ठाऊकच आहे. आपलं एक तरी नीट राहू दे.

आई, तुला वाईट वाटेल ते मला कळतं. लहानपणी मी धान्याच्या त्या मोठ्या कणगीत लपून झोपून गेले आणि तू ओरडत रडत मळाभर फिरलीस, ती कणगी तशीच ठेवायची आहे, जिथे आहे तिथेच. तुझ्या हातचं हळद-दूध पिऊन मी मोठी झाले. त्या घरात परकी माणसं फिरतील म्हणून जीव तुटतो तुझा. पण आठवड्यात ठराविक दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, आणि तुझी विश्रांती मोडेल असं काही होणार नाही. तुला न विचारता एक डबासुद्धा हलणार नाही.

माळ्यावर चढायचं नाही, दोघांनीही. बीपीची गोळी जेवणाआधी का जेवणानंतर हे आईने डॉक्टरांना पुन्हा विचारायचं. शनिवारी दादा गाडी घेऊन येतोय, बाबांचे डोळे तपासून घ्या. "पुढच्या महिन्यात" चालणार नाही.

तुमची लाडकी,
बेबी