पाचपैकी किती, ताई?

प्रिय ताई,

नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही फोन करून झापाल. आपल्या नागपूरच्या हॉस्पिटलमधल्या लॅबमध्ये ज्यांनी काम केलंय त्यांना ‘इंदोऱ्याच्या ताई’ म्हटलं तरी पुरे.

मागच्या आठवड्यात अप्रेझलचे फॉर्म आले. तुम्ही गेल्यापासून सीनियर मीच, त्यामुळे चार पोट्ट्यांचे फॉर्म माझ्या गळ्यात. वेळेवर येणं, कामाचा वेग, रजा, सगळं भराभर भरलं. मग आला तो रकाना : ‘टीम प्लेअर, पाचपैकी गुण’. तिथे पेन अडलं. याच रकान्यात एका वर्षी तुम्हाला २ मिळाले होते आणि पुढे शेरा होता, ‘फारशा मिसळत नाहीत’. तुम्ही कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि “चला, मशीन तपासायचे कंट्रोल लावायचे राहिले” म्हणत उठलात.

शेरा लिहिणाऱ्याचंही अगदीच खोटं नव्हतं म्हणा. वाढदिवसाच्या केकला तुम्ही थांबत नव्हता. रामटेकच्या पिकनिकला आला नाहीत. ग्रुपवर दीडशे गुड मॉर्निंग पडले तरी तुमचा अंगठासुद्धा नाही. ड्यूटी संपली की थेट बस, आणि मेट्रो सुरू झाल्यावर थेट मेट्रो.

पण मे २०२२ मधली ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. पहाटेसुद्धा कूलर गरम हवाच फेकत होता. माझी तिसरीच नाइट. मेडिसिन वॉर्डातल्या एका आजींचं पोटॅशियम आलं ८.१. पाचच्या आत असायला हवं ते आठ! पुस्तकात शिकले होते, असा आकडा आला की थांबायचं नाही, वॉर्डाला लगेच फोन करायचा. केला. पलीकडून आकडा परत म्हणून घेतला, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, ७.१०. मनात म्हटलं, बघा, तिसऱ्याच रात्री आपण एक जीव वाचवला.

साडेसातला तुम्ही आलात. ओव्हर, म्हणजे ड्यूटीचा ताबा, घेताना तुमचं बोट त्या ओळीवर थांबलं.

“कॅल्शियम पाह्यलं का गं?”

नव्हतं पाहिलं. त्याच नळीतलं कॅल्शियम होतं ४.६.

“एवढ्या कमी कॅल्शियमवर माणूस आकडी येऊन पडते. आजी काय करून राहिल्या, विचारलं?”

तेही विचारलं नव्हतं. नंतर कळलं, आजी बसून चहा मागत होत्या.

जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमचं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून बसतं, म्हणून तर रक्त गोठत नाही. त्या नळीतलं थोडं रक्त, ज्यातून पोटॅशियम-कॅल्शियम मोजायचं त्या पिवळ्या टोपणाच्या नळीत ओतलं की पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम तळाला. मशीन बिचारं इमानदारीने नळीत जे आहे ते मोजतं. हे मी कॉलेजात पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पहाटे सातला त्यातलं काही आठवलं नाही.

मी फोन तुमच्या हातात द्यायला गेले. तुम्ही घेतला नाही.

“मी नाही, तू लाव. रिपोर्ट चुकीचा आहे म्हण, औषध देऊ नका म्हण, दुसरं सॅम्पल घ्यायला आम्ही येऊन राहिलो म्हण. काहून घाबरून राहिली? मी उभी आहे ना इथे.”

वॉर्डात पोटॅशियम खाली आणायला इन्सुलिन-ग्लुकोजची तयारी झाली होती. पोटॅशियम मुळात ठीक असलेल्या माणसाला ते दिलं तर काय होऊ शकतं, हे मला तेव्हा नीट कळलंही नव्हतं. माझा आवाज इतका फाटला होता की पलीकडच्या डॉक्टरांना दोनदा विचारावं लागलं. पण त्यांनी थांबवलं. दुसरं सॅम्पल आलं, ४.४. अगदी नॉर्मल.

लोकांना ही गोष्ट मी इथपर्यंतच सांगते. मला स्वतःला पुढची जास्त आठवते. तुम्ही खिशात मूठभर पिवळ्या नळ्या टाकल्या आणि जिना चढून वॉर्डात गेलात. मला वाटलं आता भांडण. वॉर्डातल्या सिस्टर तर पदर खोचूनच उभ्या होत्या. तुम्ही विचारलं, “रात्री किती पेशंट होते सिस्टर?” बस, त्या बोलायला लागल्या. रात्रभर एकट्या होत्या. आजींची व्हेन मिळत नव्हती, जांभळी नळी भरली आणि पिवळीला रक्त पुरेना. परत टोचलं तर आजी रडतील, शिवाय लॅबवाले कमी भरलेली नळी परत पाठवतात, म्हणून त्यांनी इकडचं थोडं तिकडे केलं.

लॅबवाले परत पाठवतात! म्हणजे त्या ओतण्यात आपलाही हात होताच. तुम्ही तिथल्या तिथे सांगून टाकलं, “अर्धी भरली तरी पाठवा, आम्ही भागवू. पिवळी आधी, जांभळी मागून. आणि ओतायचं नाही, काही झालं तरी.” एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, तुम्ही नंतर सांगितलंत. चांगला टीमवाला तो, जो साहेबांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही, असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही, त्या दिवसापासून तर मुळीच नाही.

मीटिंगमध्ये विचारणा झाली, चूक कोणाची? वॉर्डाकडे बोट दाखवणं किती सोपं होतं. माझ्याकडे दाखवणं त्याहून सोपं. तुम्ही म्हणालात, “आमच्याकडून चुकीचा आकडा गेला, आम्हीच मागे घेतला. ओतण्याबद्दल वॉर्डाशी बोलणं झालं आहे.” आणि खाली बसलात. मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच बाहेर येऊन मला म्हणालात, “आता महिनाभर प्रत्येक पोटॅशियमच्या बाजूला कॅल्शियम लिहून मला दाखवायचं.” महिनाभर! पाठीशी घालणारे सीनियर मी आधी पाहिले होते. पाठीशी उभं राहणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं.

तुमचं ओव्हरचं रजिस्टर अजून कपाटात आहे. परवा काढलं. बाकी सगळे ‘ऑल ओके’ लिहून सही ठोकायचे. तुमची सुरुवातच वाईट बातमीने. ‘सोडियम खाली सरकून राहिलं, २ वाजता कॅलिब्रेट केलं, तरी लक्ष ठेवा. ग्लुकोजचं रीएजंट दुपारपर्यंतच पुरेल. बेड ९ ला रिपीट मागण्याआधी दोनदा विचार करा, पोरगं फार टोचलं गेलंय. चिवडा खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, सॅम्पलच्या फ्रिजमध्ये नाही (कोणाला उद्देशून ते कळलं असेलच).’ मलाच उद्देशून होतं ते, ताई. कळलं होतं.

आता उधारीचं बोलू.

२०२३ मध्ये २२ सप्टेंबरला महालक्ष्म्यांचं जेवण होतं. तुमच्याकडे महालक्ष्म्या नसतात, म्हणून त्या रात्रीची माझी नाइट तुम्ही मागून घेतली. फुकट नाही. “मला दसरा पाहिजे. चार्टवर आत्ताच लिही,” म्हणालात. मी लिहिलं. मध्यरात्रीनंतर जो पाऊस लागला, तो आख्ख्या नागपूरला माहीत आहे. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली, मोरभवनच्या बसा पाण्यात उभ्या. आमच्या गल्लीत पहाटे घरात गुडघाभर पाणी. आई महालक्ष्म्यांचे मुखवटे छातीशी धरून पलंगावर उभी, मी आणि बाबा गहू वर चढवतोय. आणि आठला माझी मॉर्निंग! फोन तुमचाच आला. “येऊ नको. घर पाह्य.” संध्याकाळपर्यंत तुम्ही एकट्याने लॅब ओढली.

दुसऱ्या दिवशी मी रडवेली होऊन उपकार वगैरे म्हणायला लागले तर तुम्ही चार्ट पुढे केला. “उपकार नाही, उधारी. नाइटच्या बदल्यात दसरा ठरला आहे. मॉर्निंग वेगळी लिही.” इतकं हलकं वाटलं मला! उपकाराखाली माणूस वाकतं, उधारी ताठ मानेने फेडता येते.

दसऱ्याला तुमची ड्यूटी केली आणि रात्री दीक्षाभूमीकडे आले. १९५६ च्या त्या अशोक विजयादशमीपासून दरवर्षी लोटणारी माणसं मी आजवर दुरूनच पाहिली होती. तुमच्या वस्तीचा भोजनदानाचा मंडप रस्त्याच्या कडेला होता. तुम्ही पंगतीत वाढत होता, घामाने निथळत, गप्पा मारत, हसत. फारशा न मिसळणाऱ्या तुम्ही! मला पाहून म्हणालात, “उभी काय राहिली? पत्रावळी घे.” मागून एक पोट्टा ओरडला, “भात एका पातेल्यापुरताच आहे!” तुम्ही मला म्हणालात, “पाह्य, संपायच्या आधी सांगून राहिला. याला घ्या आपल्या लॅबमध्ये.”

फॉर्म भरून दिले. चौघांतल्या एकाला त्या रकान्यात पाच दिले. केकला थांबत नाही तो, पण त्याच्या रजिस्टरमध्ये ‘ऑल ओके’ नसतं.

ती मॉर्निंग माझ्याकडे अजून बाकी आहे, ताई. आता आपला चार्ट एक नाही, तेव्हा ड्यूटी करून ती फिटायची नाही. यंदाच्या दसऱ्याची सुटी मी आत्ताच टाकली आहे. सकाळी सातला मंडपात येते, मला भाताच्या पातेल्याकडे उभी करा.

तुमची,
चिवडा फ्रिजमध्ये ठेवणारी