गाडी लवकर हवी? मग किट घ्या!

महोदय,

चतुर्थी-दसरा जवळ आला की नव्या, मागणी असलेल्या गाड्यांसाठी शोरूममध्ये गर्दी होते. एक्स-शोरूम किंमत (कर, नोंदणी, विमा सोडून गाडीची मूळ किंमत) कंपनी ठरवते, त्यामुळे तिच्यावर उघडपणे कुणी ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, मागत नाही. वरकमाई होते ती ऑन-रोडच्या, म्हणजे सगळे खर्च धरून होणाऱ्या एकूण किमतीच्या, कागदावर. 30 जुलै 2022 रोजी स्कॉर्पिओ-एनचे बुकिंग सुरू झाले आणि अर्ध्या तासात लाख नोंदी झाल्या. एवढी रांग असली की सीट कव्हर, मडफ्लॅप, कोटिंगचे ‘किट’ घेणाऱ्याला गाडी आधी, हे ओघानेच येते. शिवाय ‘हँडलिंग’ नावाची रक्कम, जिचा अर्थ कुणी सांगत नाही.

कोटेशनमध्ये प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत लिहून घ्यावी. खासगी मोटारीचे नोंदणी शुल्क 600 रुपये आहे, कर्जाचा बोजा चढवायचा तर आणखी 1,500. रस्ता कर निराळा. या सगळ्याच्या सरकारी पावत्या मागून आकडे ताडावेत. दहा लाखांवरच्या गाडीवरील 1 टक्का टीसीएस (विक्रेता आपल्याकडून आधीच घेतो तो आयकर) मात्र आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

खरी मेख विम्यात आहे. तीन वर्षांच्या थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता सरकार ठरवते, तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो ‘ओन डॅमेज’ (आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि अ‍ॅड-ऑनमध्ये (जादा संरक्षणात). दोन कोटेशन ताडताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, एकच धरावा (नव्या गाडीचा एक्स-शोरूमच्या 95 टक्के), नाहीतर कमी आयडीव्हीची पॉलिसी उगाच स्वस्त वाटते. डीलरऐवजी बाहेरून विमा काढायला चासी आणि इंजिन नंबर लागतात, आणि नेमके तेच डिलिव्हरीच्या आदल्या दिवसापर्यंत अडवून धरले जातात. गाडी अलॉट होताच ते ईमेलवर मागावेत. ‘बाहेरच्या विम्याला कॅशलेस (खिशातून पैसे न भरता दुरुस्ती) नाही’ हे ऐकून घाबरू नये. त्या विमा कंपनीचा वर्कशॉपशी करार आहे का, एवढेच विचारावे.

बुकिंगचे पैसे डीलरच्या खात्यातच भरावेत, सेल्समनच्या यूपीआयवर नव्हे. बुकिंग नंबर कंपनीच्या एसएमएसवर आला नाही तर रांग डीलरच्या वहीतच राहते, आणि वहीतली नावे खाली-वर होतात.

एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच, ही अट 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार निर्बंधात्मक व्यापार प्रथा ठरते. तक्रारीसाठी 1915 हा क्रमांक आहे, जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पण सक्ती लेखी हवी. फोनवरचे बोलणे पुरावा म्हणून टिकवणे कठीण. वाहतूक खात्याने प्रत्येक शोरूममध्ये मॉडेलनिहाय कर व शुल्काचा फलक सक्तीचा करावा.

— एक वाचक, फोंडा