भूत शोधायचं तर येऊरच्या पावसात

महोदय,

कुमारांसाठीच्या भयरहस्य कादंबऱ्यांवरचा पुरवणीतला लेख वाचला. निवासी शाळा लेखकाला आयतीच मिळते. पालक लांब, फाटक रात्री बंद, संशयित मोजके. पण मराठीत अशी शाळा आली की लगेच धुकं, शेकोटी आणि दगडी मनोरे कशाला? आपल्या ठाण्याच्या येऊरच्या डोंगरातला जुलै काय कमी भीतिदायक आहे?

पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून ते कडीच्या बाजूला चौकटीत अडकतं आणि ढकललं की करकरतं. मे महिन्यात गुपचूप उघडणारं दार जुलैत सगळं वसतिगृह जागं करेल. मग ‘रात्री आवाज आला नाही’ ही रेक्टरबाईंची साक्ष खोटी, की दाराची कड आधीच कुणी रंध्याने तासून ठेवलेली? उंबऱ्याशी दोन ताज्या ढलप्या दाखवल्या की काम झालं. तसंच शाईचं. शाईपेनचं अक्षर ओलीने फुटतं, बॉलपेनचं टिकतं. भिजलेल्या रोजनिशीत एकच पान सुवाच्य असेल, तर ते लिहिणारं पेन वेगळं.

फसतं ते बहुधा मोबाइलपाशी. संध्याकाळच्या हजेरीलाच फोन जमा होतात, हे पहिल्या प्रकरणात सांगून टाकावं. ऐन प्रसंगी ‘रेंज गेली’ ही निव्वळ पळवाट. आणि गुन्हेगार पहिल्या पाव भागात दिसायलाच हवा, निदान जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभा.

– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे